रामोन बोलला की चारांगो

कोचाबांबा, ४ मार्च १९६२

प्लासिदो,

पार्सलची दोरी कापू नकोस. गाठ सोड आणि दोरी परत पाठव, इतकी चांगली दोरी इथे मिळत नाही.

आत नाटक आहे, रेडिओसाठी. हो, मीच लिहिलंय, दात काढू नकोस. दिवसभर शिवणयंत्रापुढे बसून मी रेडिओवरची नाटकं ऐकते. तीच ती लग्नं, तीच ती दवाखान्यात अदलाबदल झालेली पोरं. एक दिवस एका घागऱ्याला झालर लावता लावता हातच थांबला. म्हटलं, याहून बरं तर मी लिहीन.

नाव आहे 'सातव्या पातळीवरचा पाहुणा'. ऐक. माणूस जन्मायच्याही आधी आकाशातून एक दगड येऊन आपल्या डोंगराच्या पोटात रुतलेला. खाणीतले कामगार सातव्या पातळीवर सुरुंग लावतात, तो दगड फुटतो आणि आतून धूळ निघते. ती धूळ जिवंत आहे, दुसऱ्या कुठल्या ताऱ्यावरची. श्वासाबरोबर ती छातीत शिरते, तिथे घर करते आणि माणसाला आतून दगड करत जाते. कुणात शिरलीय हे ओळखायची खूण एकच, कोरडा खोकला. जो खोकला तो आपला राहिला नाही! आख्ख्या वस्तीत एकटा रामोन तेवढा शाबूत. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला, भर दुपारी उठून दाराला कडी घातली.

युनियनच्या रेडिओला दे. रामोन तूच कर, तुझा आवाज हुबेहूब आपल्या बापाचा, ताताचा आहे. तुमच्या रेडिओचा आवाज डोंगर उतरून इथवर येत नाही, म्हणून प्रत्येक भागानंतर लोक काय म्हणाले ते मला सगळं लिही.

आणि दुसरं. छातीचा फोटो काढलास का? दर पत्रात मी विचारते आणि दर पत्रात तू हवापाणी कळवतोस. ताता खोकून खोकून गेला, कंपनीने घराची किल्ली मागून घेतली, मी आणि आई गाठोडी घेऊन खाली आलो, आणि तू, मिसरूडसुद्धा न फुटलेला, ताताचं हेल्मेट घालून वरच राहिलास. मला ते अजून पचलेलं नाही. इथे रेल्वेच्या कारखान्यात सुताराची जागा जूनमध्ये रिकामी होतेय. फोरमनच्या बायकोचे कपडे मी शिवते, शब्द टाकून ठेवलाय. तू, कासिल्दा, तुमची लेक तेओ, तिघं या. तेवढं एक माझं ऐक.

सातुर्निना


पुका ओर्को खाण वस्ती, १९ मार्च

सातुका ताई,

दोरी सोबत पाठवतोय. गाठ सोडताना नखं तुटली, तू शिवतेस की जहाजं बांधतेस?

दोन भाग झाले. काय सांगू! शिध्याच्या दुकानापुढच्या रांगेत बायका दुसरं काही बोलतच नाहीत. युनियनने तिथे कर्णा बसवलाय ना, तर गुरुवारी तेलाची रांग संपली तरी कुणी हलेना. धुळीचा आवाज दोन्या बासिलिया काढते. तीच ती बासिलियाबाई, कचऱ्यातून धातू वेचणारी, जिने लहानपणी तुला दगड फेकून मारला होता. ती रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलते. पहिल्या दिवशी स्वतःच्याच आवाजाला घाबरली आणि डबा फेकून दिला.

नेमेसियो यंत्र सांभाळतो. त्याने मध्ये मध्ये थोडं संगीत घातलंय, नाटक भरल्यासारखं वाटतं.

युनियनची समिती खूश आहे. तू पुढचे भाग पाठव.

छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, काचेसारखी स्वच्छ आहे. झालं समाधान? सुताराच्या जागेचं बघू. तेओची शाळा, कासिल्दाच्या कोंबड्या, असं उठून येता येत नाही, ताई.

हवापाणी ठीक. थंडी आहे.

प्लासिदो


कोचाबांबा, २ एप्रिल

प्लासिदो,

खोटारड्या!

काल बाजारात दोन्या एउलालिया भेटली, वाळवलेल्या बटाट्यांची पोती घेऊन वस्तीवरून आलेली. मी आपली मोठ्या तोऱ्यात विचारते, "काय दोन्या, नाटक ऐकता ना? रात्री झोप येते का?" तर ती म्हणाली, "झोप? अगं, ऐकता ऐकताच येते."

मग तिने सगळं सांगितलं. लोक हसतात म्हणे. रांगेतल्या बायका नाटक सुरू झालं की विणकाम काढतात. एका म्हाताऱ्याने युनियनच्या कचेरीत जाऊन विचारलं, पाहुणा येणार कधी? चार भाग झाले, अजून आलाच नाही. माझा पाहुणा पहिल्या भागात येऊन बसलाय, प्लासिदो! सगळ्यांच्या छातीत बसलाय!

मी बटाटे न घेताच परत आले. काल एका नवरीच्या झग्याच्या दोन्ही बाह्या उजव्याच शिवल्या. उठते, दारापर्यंत जाते, परत बसते. नाटक पडलं म्हणून नाही, पडायचं तर पडो. तू मला खोटं लिहिलंस म्हणून. मला काय बरं वाटावं म्हणून लिहिलंस? मग बाकी किती गोष्टी मला बरं वाटावं म्हणून लिहितोस?

नेमेसियो रीळ भरून ठेवत असेल. ती रिळं ट्रकवाल्याबरोबर पाठव. मला माझ्या कानांनी ऐकायचंय.

सातुर्निना


पुका ओर्को, १५ एप्रिल

ताई,

बरं. खरं हवंय ना, घे खरं.

तुझ्या नाटकात जो खोकतो त्याला धुळीने धरलं. बरोबर? आता मला सांग, इथे खोकत कोण नाही?

पहिल्या भागातला पहिला खोकणारा कामगार सेफेरिनो करतो, तो खोकला, तू लिहिलंस तसा. कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्याच्या आधी निवेदक दोनदा खोकला होता. मग लोकांनी विचारलं, निवेदकालापण धुळीने धरलं का? दुसऱ्या भागात तुझं ते वाक्य आहे, "ऐकलंत? तो खोकला!" आणि मग भयाण शांतता. त्या भयाण शांततेत स्टुडिओत तीन जण खोकले. ताई, आम्ही काय करणार? रांगेतल्या बायका आपसात पैजा लावतात, हा खोकला नाटकातला की घरचा. तू म्हणतेस ही जगावेगळी खूण. इथे ही माणूस जिवंत असल्याची खूण आहे.

आणि धुळीला कुणी घाबरेना. तिच्याबद्दल ऐकून रात्रपाळीची पोरं म्हणाली, एवढ्या लांबून आलीय बिचारी, तिला कुणी काही दिलं का? खाणीतल्या दैवताला, तिओला, जशी आपण शुक्रवारी सिगरेट आणि कोकाची पानं ठेवतो, तशी त्यांनी स्टुडिओच्या दाराशी ठेवली. दोन्या बासिलियाने सिगरेट ओढली, पानं चघळली आणि पुढच्या भागात धुळीने सगळ्यांचे आभार मानले. स्वतःच्या मनाने! मी डोक्याला हात लावला.

सेफेरिनो मरायला तयार नाही. म्हणतो, मेलो म्हणून रेडिओवर सांगितलं तर माझी बायको घरी काळे कपडे घालून बसेल आणि मग मला जेवायला कोण वाढणार? म्हणून तो आता "फार आजारी" आहे, दर भागात.

समिती म्हणते सहाव्या भागानंतर बघू. म्हणजे बंद. मला वाईट वाटतंय, अगदी मनापासून. म्हणूनच खोटं लिहिलं.

रिळं ट्रकवाल्या मातियासकडे दिलीत. सुताराची जागा यंदा जमणार नाही. कारण विचारू नकोस, जमणार नाही.

प्लासिदो


कोचाबांबा, २८ एप्रिल

प्लासिदो,

पाद्रीबाबांच्या टेपरेकॉर्डरवर ऐकलं. ते स्वतः शेजारी बसले होते, मध्येच घोरायला लागले.

आधी माझी चूक. तुझं पत्र आलं तेव्हा मी रागाने तांबडीलाल झाले, मग खुर्चीत बसले आणि हसूच आलं, आणि मग काही केल्या हसू येईना. मी विसरले होते रे. इथे बसमध्ये कुणी कोरडं खोकलं की सगळे वळून बघतात, शेजारचा सरकून बसतो. मी इथल्या कानांनी लिहिलं. आपल्या घरी भांड्यांचा आवाज, कोंबड्यांचा आवाज, तसा तो एक आवाज होता, सकाळी सगळ्यात आधी ऐकू येणारा. ताताचा. मला वाटलं होतं लोक घाबरतील. घाबरले तर डॉक्टरकडे जातील, ओल्या फडक्याशिवाय खाली उतरणार नाहीत. तेच हवं होतं मला. तेव्हा लिहिलं नाही, कारण समितीने मग नाटक घेतलं नसतं, भाषण म्हणून परत पाठवलं असतं.

ते सोड. आता नेमेसियोला माझ्यातर्फे विचार, त्याच्या डोक्यावर दरड कोसळली आहे का? हे कसलं संगीत? सेफेरिनो बोलतो तेव्हा नाही, दोन्या बासिलिया बोलते तेव्हा नाही. रामोन बोलायला लागला, दोन वाक्यं झाली की चारांगोची तार छेडलीच! "मित्रांनो, ही धूळ साधी नाही, ही," आणि ट्यांव ट्यांव ट्यांव! तो थांबतो, चारांगो संपतो, मग रामोन म्हणतो, "विचार करते." चौथ्या भागात बायकोचा निरोप घेताना तर पुरता नाचच सुरू होतो. वस्तीतली शेवटची आशा असलेला माणूस आणि मागे लग्नाची वरात! नाटक पडलं ते खोकल्याने नाही, ह्या चारांगोने.

मला शब्द दे, पुढच्या भागात संगीत नाही.

सातुर्निना


पुका ओर्को, ६ मे

ताई,

संगीत राहील. नेमेसियोला तेच योग्य वाटतं आणि यंत्र त्याचं आहे.

तू खाली बसून आम्हाला शिकवू नकोस. इथली हवा विरळ आहे, लांब वाक्यं म्हणताना दम लागतो, तू ती हातभर लांब लिहितेस. मधे थांबावं लागतं. एवढंच.

फोटोचं आणि सुताराचं परत विचारलंस तर मी पत्र फोडणार नाही.

प्लासिदो


कोचाबांबा, १४ मे

माझ्या प्लासिदो,

हे पत्र फोडलंस, बरं केलंस.

तुझी ती चिठ्ठी आली आणि मी उलट आणखी रागावून पाद्रीबाबांकडे गेले. म्हटलं, मोजूनच दाखवते याला, कुठे कुठे चारांगो घुसलाय. रीळ लावलं. नाटक ऐकलंच नाही, फक्त तुझा श्वास ऐकला. वाक्य सुरू होतं, आवाज मोकळा असतो. मग तो जरा घट्ट होतो. ताताचा व्हायचा तसा, शब्द दातांशी अडल्यासारखा. आणि लगेच तबकडीवर सुई पडते. दर वेळी आधी तुझा आवाज घट्ट होतो, मग चारांगो.

तिसऱ्या भागाच्या शेवटी नेमेसियोला उशीर झाला. फार नाही. पण तेवढ्या फटीत आवाज आत आला.

मी यंत्र बंद केलं. पाद्रीबाबा म्हणाले, "काय झालं पोरी?" मी म्हटलं, "काही नाही, नाटक भीतिदायक आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

डॉक्टरकडे तू गेलाच नाहीस. गेलास तर तो कागदावर लिहील, कागद कचेरीत जाईल आणि घराची किल्ली द्यावी लागेल. म्हणून नेमेसियोला बोटाने खूण करतोस आणि तो चारांगो वाजवतो. वस्तीत सगळे खोकतात, मग तूच का लपवतोस, हेही मी रात्रंदिवस स्वतःला विचारलं. रामोन खोकला तर नाटक बिघडेल म्हणून? की कर्ण्याखालच्या रांगेत कासिल्दा उभी असते म्हणून?

मी तुला आता काही विचारणार नाही. डॉक्टरचं नाही, सुताराचं नाही. शेवटचा भाग परत लिहिलाय, तो सोबत आहे. आधीच्यात रामोन सुरुंगाने धुळीला उडवतो आणि सगळे बरे होतात. ते मी फाडलं, कारण कोण बरं झालंय आजवर? यात रामोन माइकसमोर उभा राहतो आणि सांगतो की धूळ त्याच्यातही आहे, पहिल्या दिवसापासून होती. मग तो खोकतो. जितका येईल तितका, कुणी न झाकता. त्याखाली मी एकच सूचना लिहिलीय, इथे संगीत नाही.

करायचं नसेल तर चुलीत घाल. तो आवाज मी आधी एकदा ऐकलाय आणि तेव्हा काही बोलले नाही, पोर होते. आता मी पोर नाही, आणि मला भाऊ एकच आहे.

तुझी सातुका


पुका ओर्को, ११ जून

ताई,

मी कासिल्दा. मला लिहायची सवय नाही, अक्षर बघून तुम्हाला कळेलच. हे म्हणाले तूच लिही, त्यांना जमेना.

गुरुवारी शेवटचा भाग झाला. मी रांगेत होते, पिठाच्या. बायका विणत होत्या. हे बोलायला लागले आणि आता चारांगो येईल म्हणून तेओ माझ्या शेजारी नाचायच्या तयारीत उभी राहिली. दर वेळी तिथे ती नाचते, तिला नाटकात तेवढंच आवडतं. चारांगो आला नाही. खोकला आला.

किती वेळ चालला मला सांगता येणार नाही. तेओ एक पाय उचलून तशीच थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे नाटकातलं नाही. हा पापा आहे."

नेमेसियोने नंतर सांगितलं की त्याचा हात सुईवर होता आणि ह्यांनी मान हलवून नको म्हटलं.

मग काय झालं ते खरं सांगते, तुम्हाला खोटं आवडत नाही. लोकांना आवडलं नाही. बायका म्हणाल्या, हा काय शेवट झाला? सुरुंग कुठाय? रामोन जिंकायला हवा होता. दोन्या बासिलिया रुसून बसली, कारण धुळीचं शेवटचं भाषण गाळलं होतं. चार जण स्टुडिओत जाऊन भांडून आले. समितीने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आता त्या वेळेला फुटबॉल. ताई, आख्ख्या वस्तीत तुमच्या नाटकाला कुणीसुद्धा घाबरलं नाही.

मी घाबरले.

पीठ न घेता घरी आले. हे आले तेव्हा मी म्हटलं, "दोन वर्षं तुम्ही कोंबड्या बघायच्या निमित्ताने अंगणात जाऊन खोकता, आणि मी दोन वर्षं उशी कानावर दाबून झोपल्याचं सोंग करते. मला वाटायचं, मला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्ही खचाल." हे म्हणाले, "मला वाटायचं, तुला कळलं तर तू खचशील." मग आम्ही दोघं बसून खूप रडलो आणि तेओने आम्हाला पाणी आणून दिलं.

डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. फोटो काचेसारखा नाही. अर्धीअधिक छाती धरलीय म्हणाला. खाली उतरलात, धुळीपासून लांब राहिलात, तर बरीच वर्षं आहेत. इथेच राहिलात तर मी काही बोलत नाही. कागद कचेरीत गेला. किल्ली महिनाअखेर द्यायची आहे.

कोंबड्या दोन्या बासिलियाला दिल्या, तेवढ्याने तिचा रुसवा गेला. तुमची ती दोरी तुम्ही परत मागून घेतली होती, म्हणून गाठोड्यांना दुसरी शोधावी लागली. सुताराची जागा अजून असली तर ठीक, नसली तर मला शिवण शिकवा. दोन्ही बाह्या उजव्या मीही शिवू शकते.

गुरुवारच्या बसने येतो. तेओला घाटात उलटी होते, लिंबू ठेवा.

कासिल्दा

ताई, खाली थोडी जागा राहिलीय म्हणून लिहितो. नेमेसियोने ती चारांगोची तबकडी मला भेट दिली. तेओसाठी घेतलीय, मी वाजवणार नाही.

बसमध्ये कुणी खोकलं की तिथले लोक वळून बघतात, असं लिहिलं होतंस. बघू देत.

प्लासिदो